महापौर सापडत नाहीत

चार मे हा संत फ्लोरियनचा दिवस. आगीपासून राखणारा संत तो, आणि आमचे ब्रोनेककाका सरोवराकाठच्या पोर्ट मारेन शहराच्या अग्निशमन दलाचे प्रमुख, म्हणून थोरल्याचं नाव त्यांनी मोठ्या हौसेने फ्लोरियन ठेवलं. तो मोठा होऊन पोलिसात गेला. धाकट्याचं नाव काकूच्या माहेरच्या कुणा नॉर्बर्टवरून ठेवलं, काही अपेक्षा न धरता, आणि तो मुकाट्याने बंबावर चढला. काकांनी संताला हे कधी माफ केलं नाही. तरी निवृत्त झाल्यावरही दर चार मेला मागच्या अंगणात चूल पेटवायची, मोठ्या हंड्यात मासे उकळायचे आणि आम्हा सगळ्या झालेव्स्कींना जेवायला घालायचं, हे त्यांनी सोडलं नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, हा दिवस शनिवारी आला आणि सोमवारी संध्याकाळी नॉर्बर्टची सुनावणी होती. नोकरी राहते की जाते, एवढाच प्रश्न. निकाल देणार होता शहराचा पोलीस-अग्निशमन आयोग. आयोगाची अध्यक्ष होती लिओकाडिया आत्या, काकांची धाकटी बहीण, आणि ती सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून सगळ्यांकडे पाठ करून बसली होती.

सख्खी आत्या पुतण्याचा निवाडा कसा करणार, हा प्रश्न शहराच्या वकिलालाही पडला होता. पण आयोगाच्या पाच माणसांपैकी एक जण फ्लोरिडाला ऊन खायला गेला तो परतलाच नव्हता, आणि दुसऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. उरले तीन, आणि तिघांखाली आयोग भरत नाही. शिवाय पोर्ट मारेनमध्ये नात्यातला माणूस नको म्हटलं, तर आयोगावर चौकातले पुतळेच आणून बसवावे लागतील. तेव्हा वकिलाने तोड काढली: आत्याने बसावं, पण सुनावणीपर्यंत या विषयावर कुणाशी बोलू नये आणि कुणाचं ऐकू नये.

आत्याने चाळीस वर्षं बायकांचे केस सेट करायचं पार्लर चालवलं होतं. महापौर लिंडाल यांच्या आईचे केस दर शुक्रवारी तिच्याकडेच. आईच्या आग्रहावरून महापौरांनी तिला आयोगावर घेतलं, ते बाई गप्प बसेल, कॉफी पिईल आणि हात वर करेल या हिशेबाने. चाळीस वर्षं जी बाई सगळ्या शहराचं गुपचूप ऐकत आली, तिला गप्प बसणं येतं ते ऐकण्यासाठी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते," आत्या मान न वळवता म्हणाली. "जो कोणी माझ्यासमोर सोमवारचं नाव काढेल त्याला केक मिळणार नाही. चेरीचा आहे. मी केलाय."

"मंगळवारच्या आदल्या दिवसाबद्दल बोललं तर चालेल?" नॉर्बर्टने विचारलं. तो एप्रन बांधून कांदे सोलत होता.

"तुला पाणीसुद्धा मिळणार नाही."

नॉर्बर्टची बायको मार्सेला बटाटे घेऊन आली. ती सकाळपासून धुमसत होती. "आत्या, बटाट्याबद्दल विचारलं तर चालेल ना? समजा हंड्यातला बटाटा जळायला लागलाय. एकाने आधी विचारलं, काढू का म्हणून. उत्तर आलं, थांब. त्याने तरी काढला. आता चूक कोणाची?"

"बटाटे उकडतात, जळत नाहीत."

"पण समजा."

"मी आयोग आहे, मार्सेला. आयोग काही समजत बसत नाही."

"हे सगळ्या शहराला माहीत आहे," नॉर्बर्ट म्हणाला, आणि आत्याला हसू आलं ते तिने खोकल्यात घालवलं.

हसली खरी, पण खुर्ची तिने आणखी पलीकडे वळवली. नॉर्बर्टचं जावळ तिनेच काढलं होतं. आता त्याचं काय होणार हे तिला दिसत होतं. आयोगावर उरलेल्या दोघांपैकी एक महापौरांचा दातांचा डॉक्टर. तो आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध कधी तोंड उघडणार नव्हता. दुसरा मिस्टर डफ, अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था बघणारा. त्याला कोणाशीच वाकडं घ्यायचं नसे, कारण आज ना उद्या सगळेच त्याच्याकडे येणार. डफ नॉर्बर्टच्या बाजूने यायला तयार झाला असता, पण त्याला बोट दाखवायला काहीतरी हवं होतं. नुसतं पोराचं मन चांगलं आहे एवढ्यावर तो हात वर करणार नव्हता.

प्रकरण सगळ्या गावाला पाठ होतं. शहराची हद्द काकांच्या अंगणातूनच जाते. तिथे पांढरा रंग दिलेला दगड आहे. दगडाच्या अलीकडे पोर्ट मारेन. पलीकडे हिकरी, म्हणजे गोठे, मक्याची शेतं आणि एकही बंब नाही. हिकरीने शहरात सामील व्हावं ही लिंडालसाहेबांची जुनी हौस. हिकरी ऐकेना, तेव्हा जानेवारीत त्यांनी हुकूम काढला: शहराचा बंब हिकरीसाठी हद्द ओलांडणार नाही. ओलांडायचाच झाला तर महापौरांची परवानगी लागेल, आणि ती पोलीस कंट्रोलमार्फतच कळवली जाईल. पोलीस आणि बंब दोन्ही खाती महापौरांच्या हाताखाली, त्यामुळे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी हद्दीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, एल्मर विटकेच्या घराला आग लागली. नॉर्बर्ट दलात लेफ्टनंट, म्हणजे बंबावरच्या तुकडीचा मुख्य; त्याने बंब हद्दीवर थांबवला आणि रेडिओवरून परवानगी मागितली. कंट्रोलने सांगितलं, महापौर सापडत नाहीत, थांबा. वरच्या खिडकीत म्हातारा-म्हातारी उभी दिसत होती. नॉर्बर्ट थांबला नाही. दोघांना खांद्यावर घालून खाली आणलं, घरही निम्म्याहून जास्त वाचवलं, आणि दुसऱ्या दिवशी महापौरांनी त्याला हुकूम मोडला म्हणून निलंबित केलं. त्या संध्याकाळी कंट्रोलवर ड्युटीला होता कॅप्टन फ्लोरियन झालेव्स्की.

स्वयंपाकघरात फ्लोरियनची बायको बर्निस कोबी चिरत होती. ती नगरसेविका होती, आणि कोबी चिरताना सुद्धा ठराव मांडत असल्यासारखी दिसायची. मार्सेला लोणी वितळवायला आत आली तसं तिने दार लोटून घेतलं.

"महापौर जेवायला येणार आहेत," बर्निस म्हणाली. "मी बोलावलंय. ऐकून घे आधी. नॉर्बर्टने चूक कबूल करायची, बस. लेफ्टनंटची पट्टी जाईल, एक महिना बिनपगारी. सुनावणी होणारच नाही, नोकरी शाबूत."

"आणि फ्लोरियनला काय मिळेल?"

"फ्लोरियनचा इथे काय संबंध?"

"पोलीसप्रमुख जूनमध्ये निवृत्त होतोय. नवा कोण, ते आयोग ठरवणार आणि आयोगाला महापौर सांगणार. मी नगरसेविका नाही, बर्निस, पण वेडीही नाही."

बर्निसने सुरी खाली ठेवली. तिला राग आला होता, आणि त्यातला निम्मा राग बरोबर ओळखलं गेल्याचा होता. "तू नगरसेविका नाहीस ना, म्हणूनच तुला वाटतं आग लागली की बंब येतो. आधी सभागृहात आम्ही सगळे हात वर करतो, तेव्हा कुठे बंब येतो. मागच्या वर्षी तुमचं बंबाचं ठाणंच बंद होणार होतं. कोणी वाचवलं? मी. महापौरांच्या शेजारी बसून, त्यांचे विनोद ऐकून. तुला काय वाटतं, ते विनोद चांगले असतात?"

"हे विटकेच्या खिडकीखाली उभं राहून सांगायचं होतंस."

तेवढ्यात काका रॉकेलचा डबा शोधत आत आले. दोघींनी त्यांनाच मध्ये घेतलं. मार्सेलाला खात्री होती की काका आपल्या बाजूचे. तीस वर्षं आगीत घालवलेला माणूस, आणि नॉर्बर्ट त्यांच्याच वाटेवरचा.

"कबूल करून टाक म्हणावं," काका म्हणाले. "हुकूम तो हुकूम. मला आवडले नाहीत ते हुकूमसुद्धा मी पाळले."

"बाबा, तुम्ही हे म्हणताय?"

"मी प्रमुख होतो. दल हुकमावर चालतं."

"मग अंगणातली ती लाकडी शेड दगडाच्या पलीकडे कशाला बांधलीत?" मार्सेलाने विचारलं.

काका डबा उचलून बाहेर गेले. उत्तर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अलीकडे बांधली असती तर शहराची परवानगी लागली असती, आणि दलाचा तपासनीस येऊन म्हणाला असता की लाकडी शेड चुलीच्या इतकी जवळ चालणार नाही. तो नियम काकांनीच प्रमुख असताना केला होता. हिकरीत असला काही नियम नव्हता.

महापौर आले ते मोठी गाडी घेऊन आणि रिकाम्या हातांनी. सगळ्यांशी हात मिळवले, आत्याला लांबूनच मान झुकवून नमस्कार केला, कायदा पाळतोय हे सगळ्यांना दिसेल असा. मग बियरची बाटली घेऊन फ्लोरियनला एका बाजूला ओढलं.

"भाऊ ऐकेल ना रे?"

"बोलतो मी, साहेब."

"बघ बाबा. घरातलं घरात मिटावं. मी तर नेहमी म्हणतो, शहर म्हणजे एक कुटुंब आहे."

त्या कुटुंबात वडील कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि फ्लोरियननेही विचारलं नाही. त्याला एकूणच बरं वाटत नव्हतं. दोन महिने त्याला झोप नीट लागत नव्हती, आणि बर्निस समजत होती की प्रमुखपदाची काळजी आहे. तो चुलीपाशी गेला. नॉर्बर्ट माशाचे तुकडे जाळीत भरत होता.

"कबूल कर आणि मोकळा हो," फ्लोरियन म्हणाला.

"काय कबूल करू? विचारलं. थांब म्हणाले. थांबलो नाही. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"मग अडचण कसली?"

"चूक होती असं म्हणायला लावताय, ती." नॉर्बर्टने जाळी हंड्यात सोडली. "परत असं झालं तर मी परत जाईन, फ्लोर. मग आज चूक कशी म्हणू? बरं, एक सांग. तू त्यांना नीट शोधलं होतंस ना?"

फ्लोरियनने घसा खाकरला. "शोधलं."

"मग झालं तर," नॉर्बर्ट म्हणाला, आणि हंड्यात मीठ टाकू लागला.

मासे उकळण्याचा शेवटचा भाग बघायला सगळे जमतात. माशाचं तेल फेस होऊन वर आलं की चुलीत रॉकेल फेकायचं. जाळ उसळतो, हंडा उतू जातो, फेस वाहून जातो आणि सांडलेल्या पाण्यानेच चूल शांत होते. काकांचा यात हातखंडा होता. पण त्या दिवशी महापौर बघत होते, मार्सेलाचा प्रश्न डोक्यात होता आणि सरोवरावरून वारा सुटला होता. काकांनी नेहमीच्या दुप्पट रॉकेल फेकलं.

जाळ झाडाच्या शेंड्याएवढा गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा लक्षात आलं की शेडचं छप्पर पेटलंय.

"बंब!" काका ओरडले. तीस वर्षं ज्यांना लोकांनी हाक मारली, ते आता स्वतःच हाक मारत होते. बर्निस फोनकडे धावली. ठाणं पुढच्याच गल्लीत, त्यामुळे बंब लगेच आला, घंटा वाजवत, अंगणातले खुंट मोडत, आणि पांढऱ्या दगडाशी येऊन जागच्या जागी थांबला.

बंबावर होता लेफ्टनंट ओटो क्रेब्स. नॉर्बर्ट सस्पेंड झाल्यापासून त्याची तुकडी हाच सांभाळत होता. तो खाली उतरला, दगडाकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, आणि माणसांना हाताने थांबवलं.

"काय झालं?" महापौर धावत आले. "चला ना पुढे!"

"शेड हिकरीत आहे, साहेब. परवानगी लागेल."

"दिली परवानगी!"

"कंट्रोलमार्फत यायला हवी." क्रेब्सचा चेहरा इतका साधा होता की त्यावर संशय घेणं अवघड होतं. "आपलाच हुकूम आहे. मी नुसता कानाने ऐकून गेलो, तर माझीही सुनावणी व्हायची."

"अरे, मी इथे उभा आहे!"

"दिसताय, साहेब."

क्रेब्सने रेडिओ उचलला. "कंट्रोल, बंब चार बोलतोय. ब्रोनेक झालेव्स्कींच्या हद्दीवर उभे आहोत. पलीकडे शेड पेटली आहे. महापौरांची परवानगी हवी."

"थांबा," रेडिओ म्हणाला.

सगळे थांबले. शेडच्या आत काकांची मासेमारीची जाळी होती, ती पेटल्याचा वास येऊ लागला. मग रेडिओ परत खरखरला.

"बंब चार, महापौर सापडत नाहीत. घरी फोन केला होता. बाईसाहेब म्हणाल्या, जेवायला बाहेर गेलेत. थांबा."

अंगणात कोणीतरी फिस्सकन हसलं. महापौरांनी क्रेब्सच्या हातातून रेडिओ हिसकावला. "मी महापौर बोलतोय! ऐकू येतंय का? मी लिंडाल!"

"हा चॅनेल सरकारी कामासाठी आहे," पलीकडचा शिपाई कडक आवाजात म्हणाला. "पुन्हा बोललात तर पोलीस पाठवावे लागतील."

"पाठव!" महापौर ओरडले. "पाठव, म्हणजे निदान त्यांना तरी मी सापडेन!"

नॉर्बर्ट एवढा वेळ हात पुसत उभा होता. त्याने बंबाचा पाइप घ्यायला हात पुढे केला, तर क्रेब्सने मान हलवली. पाइप शहराचा होता. मग त्याने काकांच्या भिंतीवरचा बागेचा पाइप सोडवला आणि नळ उघडला.

"मला परवानगी लागत नाही," तो महापौरांना म्हणाला. "मी सध्या कोणीच नाही. तुम्हीच केलंय मला."

आणि तो दगड ओलांडून गेला. त्याच्यामागून मार्सेला बादली घेऊन गेली, मग काका, मग बर्निससुद्धा, नवीन बुटांसकट. शेडचं छप्पर आणि एक भिंत गेली, बाकीचं वाचलं. बंबावरची माणसं दगडाच्या अलीकडे उभी राहून कुठे पाणी मारायचं ते ओरडून सांगत होती. पाण्याने भरलेला एवढा मोठा बंब, आणि त्यातून सल्ल्याखेरीज काही बाहेर आलं नाही.

फ्लोरियन तेवढा जागचा हलला नाही. महापौर सापडत नाहीत, थांबा. मार्चमध्ये हेच शब्द त्याने स्वतः कंट्रोलच्या त्याच खुर्चीतून म्हटले होते, आणि आज ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले.

आग विझली तशी महापौरांचा राग पेटला. एवढ्या माणसांसमोर शोभा झाली होती, ती कोणावर तरी काढायला हवी होती.

"ही काय पद्धत झाली, फ्लोरियन? तुझ्या कंट्रोलला एक माणूस शोधता येत नाही? आज निदान मी बाहेर तरी होतो. मार्चमध्ये तर अख्खी संध्याकाळ घरी होतो, फोनच्या शेजारी! फोन वाजलाच नाही. एक फोन आला असता तर मी काय नाही म्हणणार होतो? मी काय राक्षस आहे?"

काकांच्या हातातली बादली हळूच खाली टेकली. मार्सेलाने आधी महापौरांकडे पाहिलं आणि मग फ्लोरियनकडे, आणि बघतच राहिली.

आत्या खुर्चीतून उठली. "लिंडालसाहेब, तुम्ही माझ्यासमोर सोमवारचा विषय काढलात."

"मी? छे, मी आपलं सहज..."

"काढलात. आणि मी ऐकलं. ऐकलं म्हणून मला सोमवारी सगळ्यांदेखत सांगावं लागेल. वकिलाने तसंच सांगितलंय." तिने केकवर फडकं टाकलं. "केक तुम्हाला नाही."

महापौर गाडीत बसून गेले ते मासे न खाताच. जाताना बर्निसशीही बोलले नाहीत. बर्निसने ते बरोबर वाचलं. तिचा तो धंदाच होता. तिने फ्लोरियनला शेडच्या उभ्या भिंतीआड नेलं.

"ऐक. तू काही बोलायचं नाहीस. फोनच्या लाइनमध्ये बिघाड असेल. तू केलास, तो लागला नाही. कोण सिद्ध करणार? आत्याने ऐकलं ते महापौरांचं म्हणणं. तुझं थोडंच आहे?" ती भराभरा बोलत होती. मग थांबली. "फ्लोर, तू फोन केला होतास ना?"

तो जळक्या फळीवरची राख नखाने खरवडत राहिला. बर्निसने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याची बऱ्याचदा लाज वाटली होती, ती त्याच्या टायची, त्याच्या भाषणांची. ही लाज वेगळी होती. ती एकटीच आत गेली आणि उरलेला कोबी चिरत बसली.

नॉर्बर्ट बंबाच्या पायरीवर ओलाचिंब बसला होता. क्रेब्सची माणसं अंगणात मासे खात होती. फ्लोरियन येऊन समोर उभा राहिला.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आत्ता कळलं, म्हणजे?"

"छे. तेव्हाच." नॉर्बर्टने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. "लहानपणापासून एका खोलीत झोपलो आपण. काही लपवायचं असलं की तू आधी घसा खाकरतोस. आईच्या बरणीतले पैसे घेतलेस तेव्हाही खाकरलास. त्या संध्याकाळी रेडिओवर पहिलं खाकरणं आलं आणि मग महापौर सापडत नाहीत. तिथेच कळलं मला, याने फोन केलेला नाही. म्हणून तर थांबलो नाही. खरंच शोधत असतास तर थोडा थांबलो असतो."

"मग सांगितलं का नाहीस? दोन महिने! नोकरी चाललीय तुझी!"

"मी सांगून काय? मी म्हणणार, माझा भाऊ खाकरला. आयोग हसला असता." तो उठला. आता मात्र तो चेष्टा करत नव्हता. "आणि मला बघायचं होतं, तू सांगतोस का. आज दुपारी परत विचारलं तुला. तू परत खाकरलास."

फ्लोरियन आत्याकडे गेला. ती केक कापत होती. "आत्या, सोमवारी मला साक्षीला बोलाव."

"मी तुझ्याशी बोलू शकत नाही," आत्या म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "सुनावणी सगळ्यांसाठी खुली असते. ज्याला यायचं तो येतो." आणि तिने त्याच्या बशीत केकचा तुकडा ठेवला नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डफला बोट दाखवायला जागा मिळाली आणि त्याने नॉर्बर्टच्या बाजूने हात वर केला. नॉर्बर्ट मंगळवारी पट्टीसकट बंबावर गेला. फ्लोरियन कॅप्टन होता तो कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाला. मुदत संपल्यावर आत्याला कोणी पुन्हा आयोगावर घेतलं नाही. महापौरांच्या आईने मात्र शुक्रवार सोडला नाही. तो हुकूम आजही तसाच आहे, फक्त त्यात आता महापौरांबरोबर उपमहापौरांचंही नाव घातलंय, म्हणजे दोघेही न सापडण्याची सोय झाली.

मी सोमवारी संध्याकाळी सुनावणीला सभागृहात मागे उभा होतो. फ्लोरियन गणवेश घालून आला, बोलावणं नसताना. बर्निस येणार नाही म्हणाली होती. ती आली आणि मार्सेलापासून एक खुर्ची सोडून बसली. आत्याने शपथ दिली. तिने त्याला अहो-जाहो केलं, ते ऐकून काकांनी मान खाली घातली.

"कॅप्टन, त्या संध्याकाळी महापौरांना शोधण्यासाठी तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"फोन?"

"हाताशी होता. केला नाही. शोधलं असं खोटं सांगितलं."

"का?"

फ्लोरियनने दातांच्या डॉक्टरकडे पाहिलं, मिस्टर डफकडे पाहिलं, आणि मग नॉर्बर्टकडे. काहीतरी मोठं कारण सापडतंय का, असं तो शोधत असावा.

"जेवायची वेळ होती," तो म्हणाला. "साहेबांना त्रास नको, असं वाटलं."

आत्याने पेन कागदावर टेकवलं. आणखी काही येईल म्हणून तिने वाट पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिसऱ्या रांगेत एल्मर विटके आणि त्याची म्हातारी बसली होती. तिला ऐकू कमी यायचं. तिने नवऱ्याचा हात ओढला आणि त्या शांत सभागृहात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय म्हणाला तो? आपल्याकडे का येऊ देत नव्हते?"

म्हातारा तिच्या कानाशी वाकला.

"म्हणतो," तो म्हणाला, "साहेब जेवत होते."